देवासचे पाहुणे आणि माझी बोथाटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. मधे हसलात तर मी सांगायची थांबेन, आणि मग उरलेलं तुम्हाला शेजारच्या आळीतून ऐकावं लागेल. तिथे ते फार वाढवून सांगतात. चौघांचे आठ केलेत त्यांनी, आणि माझ्या हातात तलवार दिली आहे. तलवार नव्हती. बोथाटी होती, आणि तीही अर्धी.

आधीच सांगते, ह्यात कुणी मरत नाही. चौघांच्या पाठी रंगतात, एका मुलीचं सासर जाता जाता राहतं, आणि माझी फजिती होते. पण पश्चात्ताप-बिश्चात्ताप मला काही नाही. पुन्हा चौघे तसेच आत शिरले तर पुन्हा तेच करीन. एवढं मान्य असेल तर चहा ओता.

यमू माझी पुतणी. माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी. जाऊबाई तापात गेल्या तेव्हा पोर एवढीशी होती, माझ्या पदराला धरून झोपायची. तिला वाढवलं मी. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर अण्णा, साधा माणूस. दप्तर आणि पूजा, तिसरं काही ठाऊक नाही. जाऊबाईंच्या माहेरून आलेली चांदीची अन्नपूर्णा आमच्या देव्हाऱ्यात होती. जायच्या आधी जाऊबाई मला एवढंच म्हणाल्या, "ही यमूबरोबर सासरी जाऊ दे." बोटभर मूर्ती. पण माझ्यासाठी घरातल्या सगळ्या सोन्यापेक्षा ती जड होती. ती हरवली असती तर मी त्या बाईला वर जाऊन तोंड कसं दाखवलं असतं, सांगा.

आता बोथाटीचं. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, संस्थानच्या घोडदळात शिलेदार होते. त्यांच्या सबंध नोकरीत लढाई एकही झाली नाही, पण तयारी जन्मभर चालली. बोथाटी म्हणजे सरावाचा भाला हो. लांब काठी आणि टोकाला पात्याच्या जागी चिंध्यांचा गोळा. गोळा गेरूच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे वार कुठे बसला ते कपड्यावर दिसतं आणि कुणी खोटं बोलू शकत नाही. मामंजींची बोथाटी माळ्यावर पडून होती. तिचं नशीब उघडलं ते आमच्या आळीत भर दुपारी एक घर फुटलं तेव्हा. पुरुष दप्तरात, बायका घरात. चौघे आले, बायकांना कोठीत कोंडलं, आणि डाळीच्या डब्यापर्यंत सगळं घेऊन गेले.

आमच्याकडची स्वारी संस्थानात कारकून. महिन्यातले अर्धे दिवस कुक्षी-निसरपूरकडे दौऱ्यावर. अण्णा दिवसभर दप्तरात. घरात मी, यमू आणि अर्धांगाने एक पाय ओढणारे मामंजी. मी इकडे विचारलं, आपल्याकडे चोर आले तर काय करायचं? इकडून सांगणं झालं की देवाचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, देवाचं नाव घेते, पण हातात काहीतरी द्या.

तेव्हा मामंजींनी शिकवायचं काढलं. पण शिकवणार कसे? आमच्यात सुनेने सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची रीत नाही, आणि सासऱ्याने सुनेला थेट काही सांगायची तर त्याहून नाही. सासूबाई होत्या तोवर सगळं बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं. त्या गेल्यावर मधे कुणीतरी हवं, म्हणून मामंजी अंगणातल्या तुळशीशी बोलायचे. "तुळसाबाई, आज आमटी खारट आहे म्हणावं." मी तुळशीला पाणी घालता घालता पुटपुटायची, उद्या कमी घालते म्हणावं. इतकी वर्षं आमचं असंच चाललंय आणि भांडण एकही नाही.

तर बोथाटीही मला तुळशीने शिकवली. मामंजी ओट्यावर खुर्ची टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी अंगणात, डोक्यावर पदर, कासोटा घट्ट. ते भिंतीकडे बघूनच ओरडायचे, "तुळसाबाई, कोपर खाली!" भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला माझं कोपर कसं दिसायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांनी मला चौघांचा डाव शिकवला. चौघे आले तर चौघांशी लढायचं नाही, हे पहिलं. अंगणाच्या मध्यावर उभी राहिलीस तर चारी बाजूंनी चौघे. दाराच्या आत, दाराच्या कडेला भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस तर एका वेळी एकच. दार बुटकं असेल तर फारच उत्तम, कारण आत येणारा वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला आपली पाठ सांभाळता येत नाही. वार करायचा, एक पाऊल मागे यायचं, पुढच्याची वाट बघायची. पळणाऱ्याच्या मागे जायचं नाही. आणि तोंडाने आरडाओरडा चालू ठेवायचा.

बुटकं दार आमच्याकडे एकच, देवघराचं. म्हणून बोथाटी कापून अर्धी केली, देवघरात फिरवता यावी म्हणून. सरावाला चार चोर कुठून आणायचे? घरात उपलब्ध नवरा एकच. त्यालाच चारदा आत यायला लावायची. पाठीला गोधडी बांधून आमची स्वारी वाकून आत यायची, मी हाणायची, मग उठून बाहेर जाऊन दुसरा चोर म्हणून आत. चौथ्या खेपेला बिचारे म्हणायचे, "झालं का? मला दप्तर आहे." यमू एका कोपऱ्यातून सगळं बघायची. काही दिवसांनी मी बघते तर तिचा हात माझ्याहून चपळ.

आळीतल्या बायकांनी नावं ठेवली, ते तर होणारच होतं. बाईमाणसाने भाला धरायचा म्हणजे काय, यमूला स्थळ कोण देणार, वगैरे. मी विचारलं, चोर बायका बघून परत जातात का? त्यांतल्या दोघी पुढे शिकायला आल्या, त्यांची नावं मी सांगणार नाही.

आणि यमूला स्थळ आलं की! देवासचं. तुम्हाला देवास ठाऊक असेलच, एका गावात दोन राजे. रस्त्याच्या ह्या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती. मुलाचं घर थोरल्या पातीत, आजोळ धाकट्या पातीत. मुलगा शाळेत मास्तर, शांत, जरा लाजाळू. विहीणबाई विधवा, करड्या आवाजाची बाई. घरात कारभार त्यांच्या भावाचा, म्हणजे मुलाच्या मामाचा. मामा अंगाने चांगला आडवा, मिशा कानापर्यंत. बोथाटीचं मुलाकडच्यांना कळू द्यायचं नाही, असं अण्णांनी मला बजावलं होतं. मी हो म्हटलं. कळलं कसं ते पुढे येतंच आहे.

लग्नाच्या आठवड्यात आमची दूधवाली नवीनच बातमी घेऊन आली. दोन गावांपलीकडे एका लग्नघरात चोर पाहुणे बनून शिरले होते. ती म्हणाली, "बाईसा, पगड़ी बांधी ने आवे, लाडू खई ने गेणा लई जावे." पागोटं बांधून यायचे, लाडू खायचे आणि दागिने घेऊन जायचे! मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे आहेत, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. मी ऐकलं आणि मनाशी ठरवलं, लग्नात मी देवघर सोडायची नाही. दागिन्यांची पेटी तिथे, अन्नपूर्णा तिथे. अण्णांनाही बरं वाटलं, मी स्वयंपाकघरात आचाऱ्याशी भांडत बसणार नाही म्हणून.

आता मुख्य गोष्ट ऐका. देवासच्या त्या घरात एक रीत होती. लग्न लागल्यावर मुलाकडच्यांनी मुलीच्या देव्हाऱ्यातला एक देव गुपचूप चोरायचा. मग नवऱ्या मुलाने तो परत आणून जागेवर ठेवायचा, आणि सासऱ्याने खूश होऊन त्याला मानाचा शेला द्यायचा. परत ठेवतानाही गुपचूपच, कारण मुलीकडच्या बायकांनी पकडलं तर नाव घेतल्याशिवाय सोडत नाहीत. पुष्कळ घरांत देव चोरतात म्हणे. आमच्यात नाही. माझ्या लग्नात आमच्या स्वारीने देव सोडा, विड्याचं पानसुद्धा विचारल्याशिवाय उचललं नव्हतं.

ही रीत विहीणबाईंनी अण्णांना आदल्या दिवशी सांगितली. अण्णांनी माझ्या नवऱ्याला सांगितली आणि म्हणाले, घरात सांगून ठेव. इकडून उत्तर गेलं, "सांगतो." ह्या "सांगतो"वर माझा अर्धा जन्म गेलाय. मग रात्रीच्या पंगतीला दाल-बाफले वाढायला सुरुवात झाली, आणि कणकेचा, तुपात बुडालेला बाफला समोर आला की आमच्या माणसाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही.

सकाळी लग्न लागलं. अक्षता पडल्या, यमू रडली, मी रडले. रडून झाल्यावर डोळे पुसून मी देवघरात जाऊन बसले. जेवणं उरकली. पुन्हा बाफले खाऊन सगळं लग्नघर आडवं झालं. मधे मुलाची थोरली बहीण, सगुणा, करवली म्हणून आलेली, मला भेटून गेली. फार गोड मुलगी. कोपऱ्यातली बोथाटी तिने बघितली, विचारलं, मी सांगितलं. काय करणार, तिने विचारलंच इतक्या आर्जवाने. मला म्हणाली, "काकू, आमच्याकडे एक बाई असं करील तर शपथ." मी तिला डाव दाखवला, गोळा गेरूत ओला करून, नीट. ती कौतुक करून गेली आणि मी पुन्हा माझ्या जागेवर बसले.

थोड्या वेळाने माजघरात पावलं वाजली. अनवाणी, दबकत. मग कुजबुज.

"हळू. बायकांपैकी कुणी बघितलं नाही ना?"

"नाही रे. झोपल्यात सगळ्या. तू आधी आत हो, आम्ही मागून येतो."

सांगा आता. तुमच्या घरात, भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, परके पुरुष असं कुजबुजत देवघराशी आले, तर तुम्ही काय समजाल? हळदीकुंकवाला आले समजाल?

मी उठले. दाराच्या कडेला, भिंतीला पाठ. जाऊबाईंची अन्नपूर्णा माझ्या पाठीमागे होती. मी कोपर खाली घेतलं.

पहिलं पागोटं आत आलं. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही हो, पागोटंच दिसतं! आणि मुंडावळ्या काढून देवासचं भलंमोठं लाल पागोटं बांधलं की नवरा कोण आणि चोर कोण? मी पाठीच्या मधोमध हाणली. "अं" एवढाच आवाज झाला आणि तो पालथा माझ्या बसायच्या गादीवर. मी एक पाऊल मागे.

दुसऱ्याला वाटलं, पहिला उंबऱ्याला अडखळला. त्याला उचलायला तो वाकून आत आला. त्याच्या खांद्यावर बसली. तो "अरे भिया रे", म्हणजे अरे भाऊ रे, म्हणत पहिल्याच्या अंगावर.

तिसरा जाडा. तो दारात अडकला. पुढे येववेना, मागे जाववेना. अशा माणसाला मारणं बरं नव्हे, असं तुम्ही आज म्हणाल. त्या वेळी मला तसं काही सुचलं नाही. तुळशीने तसं काही शिकवलं नव्हतं. त्याला दोन बसल्या, आणि दुसरीने तो मोकळा होऊन आत आला.

तेवढ्यात चौथा धावत आला, "अगं थांब, थांब" म्हणत. आवाज माझ्या ओळखीचा होता. इतका ओळखीचा की त्यामुळेच घोटाळा झाला. सरावात चौथ्या खेपेला आत येताना नेमका हाच आवाज हेच म्हणायचा, आणि मी कधी थांबले नव्हते. हात आपोआप खाली आला. फक्त ह्या खेपेला गोधडी नव्हती.

मग मी चोर, चोर म्हणून ओरडले. सगळं लग्नघर धावलं. अण्णा, आचारी, ताशेवाले, मुलाकडचे, मुलीकडचे. सगळ्यांना मी चार पाठी दाखवल्या. चारी पाठींवर गेरूचे गोल गोल ठप्पे, एकही नेम चुकला नव्हता. खालचा पहिला चोर हळूच वळला, आणि त्याच्या शेल्यातून आमची अन्नपूर्णा घरंगळत माझ्या पायाशी आली.

मी ती उचलली आणि सगळ्यांसमोर वर धरली.

"हे बघा," मी म्हटलं, "मुद्देमालासकट पकडलाय."

अण्णा मटकन खाली बसले. स्वयंपाकघराच्या दारात शालू नेसलेली यमू उभी होती, आणि ती अन्नपूर्णेकडे बघत नव्हती. माझ्या पायाशी पडलेल्या माणसाकडे बघत होती. तेव्हा मी खाली पाहिलं. लाल पागोटं सुटलं होतं आणि त्याखालून आमचे सकाळचे जावई माझ्याकडे बघत होते.

दुसरा त्यांचा मित्र. तिसरे मामा. चौथे तर आमचेच.

मग जमिनीवर बसूनच इकडून मला रीत सांगणं झालं. काय वेळ बघा. बाफले पचल्यावर.

मामा उठले तेव्हा त्यांच्या मिशा थरथरत होत्या. ते माझ्याशी बोलले नाहीत, अण्णांशी बोलले. जिथे बायका जावयाला भाल्याने झोडपतात त्या घरची मुलगी आम्हाला नको, म्हणाले. लग्न लागलंय ना, मग मुलगी इथेच ठेवून घ्या, आम्ही गाड्या जुंपतो. अण्णांनी त्यांचे पाय धरले. माझ्या थोरल्या दिरांनी, कुणापुढे कधी न वाकलेल्या माणसाने, सगळ्यांदेखत पाय धरले. मला फार लागलं ते. यमूने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. लग्न लागलेली मुलगी वरात परत गेल्यावर माहेरी राहिली तर तिचं पुढे काय होतं, ते तिला ठाऊक होतं आणि मलाही.

मामा म्हणाले, एक उपाय आहे. ह्या बाईने इथे, सगळ्यांसमोर, ती काठी स्वतःच्या हाताने मोडायची, माझ्या पायावर डोकं ठेवायचं, आणि पुन्हा असलं काही हातात धरणार नाही अशी देव्हाऱ्यापुढे शपथ घ्यायची.

मी पुढे झाले. पाया पडले, खरंच पडले. वयाने मोठे होते आणि मी मारलंही जोरात होतं. जावयांची क्षमा मागितली, मित्राची मागितली. मग उठून उभी राहिले.

"मारलं त्याची क्षमा मागते," मी म्हटलं. "पण बोथाटी मोडणार नाही. शपथ घेणार नाही. तुम्ही चौघे पाहुणे निघालात हे आमचं नशीब. न निघाला असतात तर?"

आळीतल्या बायकांनी श्वास रोखला. आमच्या स्वारीने डोळे मिटले. अण्णा माझ्याकडे असे बघत होते की आत्ता बोथाटी त्यांच्या हातात असती तर पाचवा ठप्पा माझ्या पाठीवर बसला असता. यमूचं सासर एका पारड्यात आणि एक काठी दुसऱ्यात, आणि मी काठीची बाजू घेऊन बसले होते. पण तुम्हीच सांगा, मोडली असती आणि पुढच्या दुपारी खरे चौघे आले असते तर यमूला काय सांगितलं असतं? मामांच्या पाया पड म्हणून?

मामांनी गाड्या जुंपायला सांगितल्या. तेव्हा मागून विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी आधी मुलाची पाठ बघितली, मग मित्राची, मग भावाची. गेरूच्या एकेका ठप्प्यावर बोट ठेवून बघितलं. मग मला विचारलं, "चौघे होते. तू एकटी. कसं केलंस?"

मी सांगितलं. दाराची कडा, भिंतीला पाठ, एका वेळी एक.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरीही चोर शिरले होते. पुरुषमंडळी रस्त्याच्या पलीकडे, धाकट्या पातीत, ह्याच मामांकडे जेवायला गेली होती. ही बाई एकटी धान्याच्या कोठीत कोंडलेली, तोंडात पदराचा बोळा. चोर ऐवज घेऊन निघाले आणि रस्ता ओलांडून गेले. रस्ता ओलांडला की दुसरं राज्य. इकडच्या शिपायाने पलीकडे पाय टाकायचा नाही. तो कडेला उभा राहून चोरांची पाठ बघत राहिला.

"तेव्हापासून दुपारची मला झोप नाही," विहीणबाई म्हणाल्या. मग यमूकडे वळून विचारलं, "हिला येतं का हे?"

अण्णांनी घाईघाईने नाही, नाही म्हटलं. मी म्हटलं, माझ्याहून चांगलं येतं.

जावयांनी पडल्या जागेवरून एकदा यमूकडे पाहिलं आणि पाठ चोळली. विहीणबाई भावाला म्हणाल्या, "दादा, गाड्या जुंपा. पण सून घेऊन जायच्या आहेत. आणि तुम्ही पाठीला हळद लावून घ्या."

मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. विहीणबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मामा हळद लावायला गेले.

झालं! यमूचं सासर राहिलं, माझी बोथाटी राहिली, आळीतल्या बायका माझ्याकडे नव्याने बघायला लागल्या. मी पदर खोचला. आणखी काय हवं माणसाला? गोष्ट इथे संपली असती तर मी ती रोज कुणालातरी सांगितली असती. पण विहीणबाई हुशार बाई. त्यांनी अन्नपूर्णा माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "मुलगा तर देव परत ठेवायला आत येत होता. मग देव बाहेर गेला कधी? तू तर लग्न लागल्यापासून इथून हलली नाहीस म्हणे."

मी म्हटलं, हलले नाही. देवाशपथ हलले नाही.

त्यांनी मूर्ती उजेडात धरली. अन्नपूर्णेच्या पाठीवर गेरूचं बोट उमटलेलं होतं. बारीक, बायकी बोट.

सगुणा मान खाली घालून पुढे आली आणि तिने हात पुढे केला. बोटं अजून लाल होती.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, आत जागा कमी आहे, माजघरात मोकळं दाखवते. मी म्हटलं दार रिकामं नको, तुमच्या जागेवर मी बसते. तुम्ही मला बोथाटी धरायला दिलीत, मग घेतलीत, आणि चौघांना कसं मारायचं ते पाठमोऱ्या होऊन दाखवत होतात. पहिल्याला मारेपर्यंत मी थांबले. दुसऱ्याच्या वेळी मूर्ती ओटीत घातली. तिसऱ्या-चौथ्याला मी नुसत्या टाळ्या वाजवल्या."

आणि मी टाळ्यांवर खूश होऊन तिला लाडू दिला होता. दोन दिले होते. ओटी जड झाली असेल म्हणून तिला दारापर्यंत सोडायलाही गेले होते.

आधी ताशेवाला हसला. मग आचारी. मग जावई, पाठ धरून. अण्णासुद्धा हसले, त्या दिवशी पहिल्यांदा. यमू तर पदरात तोंड घालून हसत होती, सासरी जायचं रडणं विसरून. मी कुणाकडे बघणार? बाहेर अंगणात गेले. ओट्यावर मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुळसाबाई," ते भिंतीला म्हणाले, "सुनेला विचार, चौघांचा डाव मी नीट शिकवला होता. पाचवीला जागेवर बसवून लाडू द्यायला कुणी शिकवलं?"

मी तुळशीला पाणी घातलं. भांडं रिकामं झालं तरी ओतत राहिले.

यमू सुखात आहे. अन्नपूर्णा तिच्या देव्हाऱ्यात आहे, गेरूचा डाग मी मुद्दाम पुसू दिला नाही. विहीणबाई दुपारच्या झोपतात. मी वर्षातून एकदा देवासला जाऊन त्यांच्या आळीतल्या बायकांना शिकवून येते, दोन्ही पात्यांतल्या, आणि मामा त्या दिवशी न चुकता परगावी असतात. सगुणा माझी सगळ्यांत हुशार शिष्या निघाली, पण ती वर्गात असेपर्यंत मी दागिन्यांची पेटी मांडीवर घेऊन शिकवते.

तू गं, मागे बसलेली, काय म्हणालीस? बोथाटी अजून आहे का? आहे की, त्या दाराआड. चौघांचा डाव बघायचाय? एवढं गोड बोलून विचारतेस... नको. तू आधी तुझ्या जागेवरून ऊठ आणि माझ्यासमोर येऊन बस.